पोटात एच. पायलोरी हा जंतू निघालाय? टेस्ट, गोळ्या आणि परत टेस्ट, हे नीट कसं पार पाडायचं

दुर्बीण घालून झाली होती, घसा अजून स्प्रेने बधिर, थुंकी पण धड गिळता येत नव्हती आणि मी कुशीवर पडून समोरच्या ट्रेकडे बघत होतो. ट्रेमध्ये एक चपटी प्लास्टिकची डबी, तिच्यात पिवळं काहीतरी, आणि त्या पिवळ्यात माझ्या पोटातून काढलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा. थोड्या वेळाने कणीभोवती गुलाबी कडा आली आणि बघता बघता सगळी डबी राणी कलरची झाली. सिस्टर म्हणाल्या, "आहे हो, पॉझिटिव्ह." मला आधी कळेना की अभिनंदन करतायत की काय.

मी डॉक्टर नाहीये हे आधीच सांगतो. पण दोन कोर्स गिळलेत, त्यातला पहिला वाया गेला, मामा पोटाच्या कॅन्सरने गेला आणि त्यानंतर आईला टेस्टला तयार करायला मला चार महिने लागले, एवढ्या भांडवलावर लिहितोय.

ती डबी गुलाबी का झाली ते आधी, कारण पुढच्या सगळ्या टेस्टची मेख तिथेच आहे. पोटात इतकं कडक ॲसिड असतं की बहुतेक जंतू तिथे टिकतच नाहीत, पण हा हेलिकोबॅक्टर पायलोरी, स्क्रूसारखा वळलेला, युरिएज नावाचं एन्झाईम बनवतो, ते युरिया फोडून अमोनिया तयार करतं आणि अमोनिया आजूबाजूचं ॲसिड मारतो. म्हणजे पठ्ठ्या स्वतःपुरती छत्री उघडतो आणि पोटाच्या आतल्या चिकट थरात जाऊन बसतो. डबीतल्या पिवळ्यात युरिया असतो, जंतू असला की अमोनिया सुटतो आणि रंग पालटतो. रिपोर्टवर आरयूटी, म्हणजे रॅपिड युरिएज टेस्ट, लिहिलेलं असतं ते हेच.

हा लागतो बहुतेक लहानपणीच, घरातल्या घरात, तोंडातून नाहीतर अस्वच्छ पाणी-अन्नातून, आणि औषध घेतलं नाही तर साधारण जन्मभर मुक्काम. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात आहे म्हणतात, आपल्याकडे तर त्याहून जास्तच, त्यामुळे पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरून जायचं नाही आणि लाजायचं तर अजिबात नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. शंभरातल्या दहाएक जणांना कधीतरी अल्सर होतो आणि एक ते तीन जणांना कॅन्सर. पण म्हणून "सगळ्यांनाच असतो, सोडून द्या" हेही चूक, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ सालीच याला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे तंबाखूच्या धुराच्या पंगतीत, कॅन्सर करतो हे नक्की झालेल्या गोष्टींमध्ये.

आमच्याकडे अजूनही अल्सर म्हटलं की "टेन्शन फार घेतो" नाहीतर "तांबडा रस्सा बंद कर" एवढंच. जगभर डॉक्टरही हेच म्हणायचे. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला १९७९ पासून पोटाच्या तुकड्यांमध्ये हे वळलेले जंतू दिसत होते, मग बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला, जंतू काही लॅबमधल्या प्लेटवर वाढेना, आणि १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहून गेल्या तेव्हा वाढला! तरी कुणी मानेना म्हणून १९८४ मध्ये मार्शलने जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं, आठवड्याभरात उलट्या, तोंडाला घाण वास, आणि दुर्बिणीत पोटाचं अस्तर सुजलेलं. (नेटवर सगळीकडे त्याला अल्सर झाला असं लिहिलेलं असतं, अल्सर नव्हता, गॅस्ट्रायटिस म्हणजे अस्तराची सूज होती.) दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. तर तिखटाने असलेली जखम झोंबते, जखम करतो तो बहुतेक वेळा हा जंतू नाहीतर पेनकिलर. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने चालू असलेल्या काकू-मावश्या प्रत्येक घरात आहेत, आणि जंतू प्लस पेनकिलर हे कॉम्बिनेशन फारच वाईट.

टेस्ट कुणी करायची

पोटाची किंवा छोट्या आतड्याच्या तोंडाशी असलेली जखम आधी निघालेली असेल, जेवलं की वरच्या पोटात दुखणं-गच्च होणं हे महिनोन्‌महिने चालू असेल, रक्तातलं लोह कमी आहे आणि कारण सापडत नाहीये, ॲस्पिरिन किंवा पेनकिलर कायमची चालू होणार असेल, किंवा आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण, मुलं यांच्यापैकी कुणाला पोटाचा कॅन्सर झालेला असेल, तर डॉक्टरांकडे स्वतःहून विषय काढा. सख्ख्या नात्यात असेल तर रिस्क साधारण दोन ते तीन पट धरतात. आता गंमत बघा, मामा गेल्यावर सगळे मला म्हणाले तू टेस्ट कर तुला पित्त होतं, पण मामाची सख्खी बहीण म्हणजे माझी आई, खरी टेस्ट तिची व्हायला हवी होती, आणि ती म्हणे "मला कुठे काय होतंय, मी तर मिरचीचा ठेचा खाते." काही होत नाही हा पुरावा नाही. या जंतूचं आणि सुरुवातीच्या कॅन्सरचंही तेच तर आहे, काही होतच नाही.

आणि काही गोष्टी दिसल्या तर टेस्टबिस्ट नाही, सरळ दुर्बीण: डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौचाला होणं (लोहाच्या गोळ्यांनी पण काळी होते, पण ती चिकट नसते, तरी विचारा), उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, काही न करता वजन उतरणं, घास अडकणं, दोन घासात पोट भरणं, सारख्या उलट्या, आणि आयुष्यात कधी पित्त नव्हतं ते पन्नाशीनंतर अचानक सुरू होणं. काळी शौचाला आणि चक्कर एकत्र असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीला जा.

टेस्ट खोटी येऊ नये म्हणून

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. दुर्बीण न घालता करायच्या दोन चांगल्या टेस्ट आहेत, एक फुंकर मारायची म्हणजे युरिया ब्रेथ टेस्ट आणि दुसरी शौचाच्या नमुन्यातली अँटिजेन टेस्ट, म्हणजे जंतूचे अंश शोधणारी. ब्रेथ टेस्टमध्ये खुणेचा कार्बन लावलेला युरिया प्यायला देतात, पोटात जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो, बस. तेरा नंबरच्या कार्बनची टेस्ट असेल तर रेडिएशन शून्य, चौदा नंबरची असेल तर अगदी किंचित, पण गरोदर बाईने ती टाळायची, त्यामुळे लॅबला फोन करून कुठली आहे ते विचारून घ्या.

दोन्ही टेस्टच्या आधी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल असली जी सकाळची पित्ताची गोळी असते ती दोन आठवडे बंद हवी आणि आधीच्या चार आठवड्यांत कुठलंही अँटिबायोटिक घेतलेलं नको, बिस्मथ हे पोटाचं औषध पण तसंच. नाहीतर जंतू मेलेला नसतो, नुसता दबून बसलेला असतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आपल्याकडे ही गोळी लोक गोळी मानतच नाहीत, मी "काही औषध चालू आहे का" ला "नाही" म्हणून आलो होतो आणि खिशात अर्धी स्ट्रिप होती. मधल्या दोन आठवड्यांत जळजळ झाली तर साधं पातळ अँटासिड चालतं. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा नुकताच अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल तर मनाने पित्ताची गोळी बंद करायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.

रक्ताची अँटिबॉडी टेस्ट? ती फुल बॉडी पॅकेजमध्ये घुसवलेली असते आणि बायकोची अशीच पॉझिटिव्ह आली होती. अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, जंतू गेल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात, म्हणजे जंतू आत्ता आहे की कधीकाळी होता हे तिला कळत नाही. तिच्या जोरावर अँटिबायोटिक सुरू करू नका, आणि औषधानंतर जंतू गेला का हे बघायला तर ती पूर्ण निरुपयोगी.

दुर्बीण ठरली असेल तर

लोक उगाच घाबरतात. सहा ते आठ तास उपाशी, घशात स्प्रे, पाच-दहा मिनिटांचं काम. झोपेचं इंजेक्शन घेणार असाल तर सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. खरी गोष्ट वेगळीच आहे: आधीच डॉक्टरांना विचारा की तुकडे घेणार का आणि किती. नुसती डबी गुलाबी झाली की जंतू कळतो, पण अस्तराचं काय झालंय ते कळत नाही. त्यासाठी साधारण पाच तुकडे घेतात, दोन खालच्या भागातून म्हणजे अँट्रममधून, एक वळणावरून आणि दोन वरच्या भागातून म्हणजे बॉडीतून, आणि अँट्रमचे आणि बॉडीचे वेगळ्या बाटल्यांत पाठवायचे असतात. सगळे एका बाटलीत गेले की बिघाड एका कोपऱ्यात आहे का सगळीकडे पसरलाय हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही, आणि पुढचं सगळं गणित त्यावरच. घरात कॅन्सरची हिस्ट्री असेल तर हे आवर्जून सांगा, टेबलावर आडवं व्हायच्या आधी, नंतर तोंडात नळी असते.

जखम पोटात निघाली (छोट्या आतड्यात नव्हे, पोटात) तर तिच्या कडेचे तुकडे गेलेच पाहिजेत आणि आठ ते बारा आठवड्यांनी परत दुर्बीण घालून ती भरली का बघायला लागतं. कारण कॅन्सरची जखमही दिसायला साध्या अल्सरसारखी असू शकते आणि पित्ताच्या गोळीने ती वरवर थोडी भरतेसुद्धा, पेशंटला बरं वाटतं आणि तो परत जात नाही. मामाचं नेमकं हेच झालं होतं. छोट्या आतड्याच्या जखमेत ही भीती जवळपास नसते.

रिपोर्टमधले शब्द

दुर्बिणीच्या कागदावर "अँट्रल गॅस्ट्रायटिस" हे जवळपास प्रत्येकाच्या असतं, त्यावर झोप घालवू नका. वाचायचा तो तुकड्यांचा रिपोर्ट, आठवड्याने येतो तो. पेलायो कोरेआ नावाच्या कोलंबियाच्या पॅथॉलॉजिस्टने याची शिडी मांडून ठेवलीय: आधी क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणजे जुनी सूज, मग ॲट्रोफी म्हणजे अस्तरातल्या ग्रंथी झिजणं, मग इंटेस्टायनल मेटाप्लेजिया म्हणजे पोटाच्या अस्तराने आतड्याच्या अस्तराचं रूप घेणं, मग डिस्प्लेजिया म्हणजे पेशी बिघडायला लागणं, आणि मग कॅन्सर. ही शिडी चढायला दशकं लागतात आणि बहुतेक लोक मधल्याच पायरीवर आयुष्य काढतात. पहिल्या पायरीवर जंतू मारला तर सूज उतरते आणि ग्रंथीही बऱ्याच सावरतात. मेटाप्लेजिया झाल्यावर मात्र ती मागे फिरेलच असं नाही, तरी जंतू मारायचाच, पुढे सरकायची शक्यता कमी होते.

मेटाप्लेजिया शब्द वाचून मी रात्रभर जागा होतो म्हणून हा आकडा देतो. नेदरलँड्समध्ये हजारो पेशंटचा माग काढला तेव्हा मेटाप्लेजिया असलेल्यांमध्ये वर्षाला ०.२५ टक्के लोकांना कॅन्सर झाला, म्हणजे हजारात दोन-तीन. तीव्र डिस्प्लेजियात मात्र तोच आकडा ६ टक्के होता, तिथे रेंगाळायचं नाही, तो भाग बऱ्याचदा दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो. मेटाप्लेजिया फक्त अँट्रममध्ये, थोडासा, घरात हिस्ट्री नाही, तर बहुतेकांना जंतू मारण्यापलीकडे काही लागत नाही. वर-खाली दोन्हीकडे पसरलेला असेल, रिपोर्टमध्ये 'इनकम्प्लीट' लिहिलेल्या जास्त धोक्याच्या प्रकारचा असेल किंवा सख्ख्या नात्यात कॅन्सर असेल तर साधारण तीन वर्षांनी परत दुर्बीण. ही तारीख डॉक्टर आठवणीने फोन करून सांगणार नाहीत, मोबाईलमध्ये आपणच टाकायची.

चौदा दिवस

पहिल्यांदा मला क्लॅरिथ्रोमायसिन असलेला कोर्स मिळाला. बरं वाटलं, फाईल माळ्यावर गेली. आठ महिन्यांनी रात्री दोनला तीच कळ, पोटाच्या मधोमध, बिस्कीट खाल्लं की दहा मिनिटं शांत. टेस्ट केली तर जंतू तिथेच, बहुधा गेलाच नव्हता. क्लॅरिथ्रोमायसिनला आणि मेट्रोनिडॅझोलला हा जंतू आपल्याकडे बऱ्यापैकी निर्ढावलाय, कारण अँटिबायोटिक आपण चहाबरोबर बिस्कीट खावं तशी खाल्लीयेत. म्हणून आता चार औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स जास्त दिला जातो, पित्ताची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल. आधी कधीही, अगदी दातासाठी किंवा सर्दीसाठी घेतलेली अँटिबायोटिक आठवतील तेवढी डॉक्टरांना सांगा, कॉम्बिनेशन निवडायला तेच कामाला येतं. पेनिसिलीनची ॲलर्जी, गरोदरपण, रक्त पातळ करायच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या हेही सांगा, यातल्या काही अँटिबायोटिकशी त्यांचं पटत नाही.

दिवसाला चौदाच्या आसपास गोळ्या होतात. मी अंड्याच्या ट्रेमध्ये रोजच्या गोळ्या लावून ठेवायचो, सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र अशा चार रांगा, आणि फ्रिजवर कागद. पित्ताची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. टेट्रासायक्लिन दूध, दही, कॅल्शियम, लोह यांच्याबरोबर घेतली की शोषलीच जात नाही, म्हणून ताक पिणाऱ्यांनी दोन तासांचं अंतर ठेवा, आणि उन्हात जपा, चामडी भाजते. भरपूर पाणी, आणि गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर जीभ काळी कुळकुळीत, चाऊ-चाऊ कुत्र्यासारखी, शौचाला पण काळी. बिस्मथने होतं, कोर्स संपला की जातं. तोंडात सतत तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव, ती मेट्रोनिडॅझोलची. त्या दिवसांत आणि नंतर तीन दिवस दारू नाही म्हणजे नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मळमळ इतकी होते की सोडून द्यावंसं वाटतं, तेव्हा सोडू नका, फोन करा, अर्धा कोर्स म्हणजे उरलेल्या जंतूंना कोचिंग क्लास लावणं. अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज, नाहीतर जुलाब थांबतच नाहीत असं झालं तर मात्र गोळी थांबवून लगेच दाखवा.

ज्येष्ठमध, आवळा, दही, मध याने बरं वाटत असेल तर खा, जंतू याने मरत नाही.

आणि हे कुणी सांगत नाही

कोर्स संपला, दुखायचं थांबलं, म्हणजे जंतू गेला असं नाही. मला पहिल्या वेळी कुणी सांगितलंच नाही की परत टेस्ट करायची असते, मीही विचारलं नाही, आठ महिने फुकट. कोर्स संपल्यावर कमीत कमी चार आठवड्यांनी ब्रेथ किंवा शौचाची टेस्ट, आणि त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद, वर सांगितलेलं सगळं तसंच. कोर्सची चिठ्ठी घेतानाच या टेस्टची चिठ्ठी पण मागून घ्या, त्याच दिवशी, त्याच खुर्चीत बसून. पॉझिटिव्ह आली तर तीच औषधं परत घ्यायची नाहीत, वेगळी घ्यायची.

जंतू मारल्याने कॅन्सरची शक्यता साधारण निम्म्यावर येते. निम्म्यावर, शून्यावर नाही. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून गावच्या गावं तपासून जंतू मारला तेव्हाही कॅन्सर जवळपास निम्माच झाला. दक्षिण कोरियात पोटाचा कॅन्सर खूप, म्हणून तिथे चाळिशीपासून दर दोन वर्षांनी पोटाची तपासणी सरकारच करते. आपल्याकडे एवढं लागत नाही, कारण जंतू भरपूर असूनही देशाच्या बहुतेक भागात पोटाचा कॅन्सर त्या मानाने कमी आहे, अभ्यासक याला भारतीय कोडंच म्हणतात. पण मिझोरममध्ये उलटं, तिथे प्रमाण देशात सगळ्यात वरच्यांपैकी आहे, आणि तिथे धुरावलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, तुइबुर म्हणतात त्याला, यांच्याकडे बोट दाखवलं जातं. आपल्या ताटात बघायचं तर मीठ. खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पापड हे तोंडी लावायला ठीक, रोज त्यावरच जेवण नको. सिगारेट-बिडी सोडा, त्यात तडजोड नाही.

तुकड्यांचा रिपोर्ट फोटो काढून ठेवा, कागद हरवतो. आणि लॅबकडे तुमच्या तुकड्यांचा मेणातला ब्लॉक असतो, दुसरं मत हवं असेल तर तो मागता येतो, परत दुर्बीण घालायला लागत नाही. मला हे मामाच्या वेळी कळलं.

आईची शौचाची टेस्ट अखेर झाली. डबी न्यायला लाजत होती, मग तिने ती जुन्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर परत पिशवी अशी गुंडाळली आणि लॅबवाल्या मुलाला म्हणाली, "मिठाई आहे समज." पॉझिटिव्ह आली. दुर्बिणीत नुसती जुनी सूज निघाली, ग्रंथी शाबूत. सध्या तिचा नववा दिवस चालू आहे, जीभ काळी आहे, ठेचा बंद नाही, आणि पुढच्या टेस्टची तारीख तिच्याच हातात देवघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायला दिलीय.